क्रेनला जात नसते, किल्लीला असते

आजकाल एक नवी पोपटपंची कानावर येते. म्हणे, तंत्रज्ञान आलं आणि जात मेली. मोबाईल विचारतो का तुझी जात? मेट्रोच्या फाटकाला कार्ड लावलं की ते उघडतं. महाराला वेगळं आणि बामणाला वेगळं उघडतं का? मग रडता कशाला, मोर्चे काढता कशाला? ॲप डाउनलोड करा आणि पुढं चला. हे सांगणारा माणूस एकदा नीट बघून घ्या. उभ्या जन्मात त्याला कुठल्याही फाटकावर कुणी अडवलेलं नसतं. म्हणून त्याला नुसतं कार्ड दिसतं, फाटक दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला आपलेच काही झोळीवाले मित्र आहेत. त्यांचं उलटंच. यंत्र हा राक्षस, शहर हा नरक, तेव्हा खेड्याकडे चला, मातीत जगा. दोस्तांनो, खेडं आमच्या बापजाद्यांनी पाहिलंय. मातीही पाहिलीय; सातबाऱ्यावर ती कधी आमच्या नावानं नव्हती. माझा आजा १९७२च्या दुष्काळात सातारा जिल्ह्यातून मुंबईला आला तो काय हिरव्यागार रानाला कंटाळून आला नव्हता.

मी गोदीत काम करतो. कंत्राटी. शिक्षण दहावी पास. रात्री कविता लिहितो आणि दिवसा यंत्राच्या सावलीत असतो. खरोखरच्या सावलीत, क्रेन वर आणि मी खाली. या दोन्ही पंडितांना माझं सांगणं एवढंच, की यंत्राकडे डोळे फाडून काय बघता? त्याची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते बघा.

१९०१ची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलीय. लहानगा भीमराव, भाऊ, भाचरं, नवे कपडे घालून साताऱ्याहून रेल्वेनं मसूरला उतरतात. वडील गोरेगावला, तिकडं जायचं. आपण ही गोष्ट नाकारलेल्या पाण्याची म्हणून वाचतो. एकदा ती वाहतुकीची गोष्ट म्हणून वाचा. इंजिनानं या पोरांना जात विचारली नाही. तिकीट काढलं, डब्यात बसले, मसूर आलं. विलायतेचं यंत्र आपलं काम चोख करून पुढं निघून गेलं. मग स्टेशनमास्तर आला. तुम्ही कोण? महार. मास्तराचा चेहराच बदलला, तो आपल्या खोलीत निघून गेला. बाहेर बैलगाड्या उभ्या, पण एक गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार, या बोलीवर एक जण कबूल झाला. रात्री टोलनाका लागला. नाकेदाराकडे पाणी मागितलं. मुसलमान आहोत असं सांगून मागितलं, तरी मिळालं नाही.

पुढं १९२९ साली तोच माणूस परदेशच्या पदव्या घेऊन, सरकारी समितीचा सभासद म्हणून चाळीसगाव स्टेशनावर उतरला. रेल्वेनं पुन्हा बरोबर आणून सोडला. टांगेवाल्यांनी पुन्हा नाकारला. टांगा मिळाला, पण हाकणारा मिळेना. मग वस्तीतल्या एकानं, ज्यानं टांगा कधी हाकला नव्हता, त्यानं लगाम धरला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. वस्तीतल्या माणसाची यात चूक काय? लगाम त्याच्या हातात त्याच दिवशी पहिल्यांदा आला होता. ही गोष्ट मी पुढं पुन्हा काढणार आहे, ध्यानात ठेवा.

एवढं सोसूनही हा माणूस यंत्रावर उलटला नाही. १९४५च्या ग्रंथात, काँग्रेसनं आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा हिशोब मांडताना, गांधींच्या यंत्रविरोधाला त्यांनी सरळ उत्तर दिलंय. दोष यंत्राचा नाही, दोष यंत्राचा फायदा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला जनावरासारखं राबण्यातून फुरसत मिळायची तर यंत्र पाहिजेच. १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना वीज आणि धरणं यांच्या कागदांवर त्यांनी डोकं खपवलं. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया तेव्हाच पडला. तेव्हा झोळीवाल्यांनी आम्हाला चरखा शिकवू नये.

आता माझ्या धंद्यावर येतो.

मुंबईची प्रिन्सेस डॉक १८८०ची, व्हिक्टोरिया १८८८ची, अलेक्झांड्रा १९१४ची. पहिल्या दोन आता भराव टाकून बुजवल्यात, तिसरीला इंदिरा डॉक म्हणतात. मी तिथलाच. पूर्वी सारा माल सुटा यायचा. गोणी, गासड्या, पेट्या, पिंपं. जहाजाच्या पोटात उतरायचं, हातात लोखंडी आकडा, गोणी ओढायची, स्लिंगमध्ये रचायची, वर विंच कुरकुरणार. आजा सांगायचा, काजळीच्या आणि खताच्या फाळक्यात उतरायला कुणाला धाडायचे आणि टॅलीची वही कुणाच्या हातात असायची, हे न विचारताच ठरलेलं असे. त्याच्याही आधी टोळीवाल्यांचं राज्य होतं. पहाटे गेटवर उभं राहायचं आणि टोळीवाला ज्याच्याकडे बोट करील तो आत. बाकीचे उपाशी घरी.

ते बोट कायद्यानं मोडलं. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला, १९५६ला मुंबईची योजना आली. पी. डिमेलोंसारख्यांनी उभ्या केलेल्या युनियनच्या जोरावर ती अंमलात आली. नाव नोंदलं, हजेरीबुक आलं, जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे, फंड, पगारी रजा. माझ्या आज्याला ते कार्ड मिळालं तेव्हा आजीनं ते बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं.

पण ते कार्ड फाडणारी वस्तू आधीच जन्माला आली होती. २६ एप्रिल १९५६ला अमेरिकेत मॅल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्यानं आयडियल-एक्स नावाच्या जहाजावर ५८ लोखंडी डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडले. बघा, तेच १९५६. ते साल आपल्याला वेगळ्या कारणानं पाठ आहे. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागं ५ डॉलर ८६ सेंट खर्च यायचा, डब्यातून तोच खर्च १६ सेंटच्या आत आला. एवढ्यावरच गोदी कामगारांच्या पिढ्यांचा निकाल लागला. अठवडाभर टोळ्यांनी घाम गाळून जे उतरवायचं ते क्रेन एका पाळीत उतरवू लागली.

इकडं २६ मे १९८९ला न्हावा-शेवा सुरू झालं. हे बंदरच डब्यांसाठी बांधलेलं. त्याच्या जमिनींसाठी उरणचे शेतकरी लढले. जानेवारी १९८४मध्ये गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठं विकसित जमिनीत साडेबारा टक्के मिळायची वाट उघडली. १९९४ला मुंबईचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन केलं. १९९७ला संसदेनं कायदा करून १९४८चा तो कायदा मोठ्या बंदरांवरून उठवायची सोय करून ठेवली. आजा स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसला. ‘स्वेच्छा’ हा शब्द कुणी शोधून काढला, त्याला एकदा भेटायचंय.

२०२४-२५ सालात न्हावा-शेवानं वीस फुटी मापानं ७० लाखांहून जास्त डबे हलवले. देशाची छाती फुगली. मी त्या डब्यांच्या पोटात असतो. इंदिरा डॉकमध्ये जहाज नसलं की आमचा मुकादम आम्हाला पलीकडच्या गोदामांत धाडतो. कारण डबा क्रेननं उतरतो, पण डब्यातली गोणी? ती अजून माणसाच्याच पाठीवरून उतरते. मे महिन्यात बंद लोखंडी डब्यात आत शिरा म्हणजे कळेल. पाठ तीच, ओझं तेच, आज्याचं कार्ड तेवढं गेलं. यंत्रानं आमचं काम संपवलं नाही, कामाला असलेलं नाव आणि हक्क संपवला.

आणि हे असंच होणार होतं का? यंत्र आलं की मजूर मरणारच, असं काही पंचांगात लिहिलेलं नाही. १९६०ला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी, हॅरी ब्रिजेस त्यांचा पुढारी, मालकांना सांगितलं की आणा यंत्रं, पण त्यातून जे वाचेल त्यातला वाटा आमचा. दरसाल ५० लाख डॉलर कामगारांच्या फंडात टाकायचं मालकांनी कबूल केलं. तो करार सगळ्यांना सारखा पावला नाही, तिथंही भांडणं झाली, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मजूर बसला होता. परवा १ ऑक्टोबर २०२४ला त्यांच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोद्या तीन दिवस बंद पडल्या. मागण्या दोन, पगार आणि स्वयंचलित यंत्रांना आळा. सहा वर्षांत ६२ टक्के पगारवाढ पदरात पडली. आमच्याकडे कंत्राटी मजुरानं एक दिवस काम बंद ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपासच चालत नाही. आता गेटपासही चेहरा बघून उघडणारा आलाय. टोळीवाल्याचं बोट गेलं आणि कॅमेऱ्याचा डोळा आला.

इथं मला एक कोडं पडतं. गोदीत यंत्र एवढ्या घाईनं आलं, मग गटारात का आलं नाही? २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की गटारात माणूस मेला तर १० नाही, ३० लाख द्या. हातानं मैला साफ करण्यावर १९९३ला कायदा झाला, २०१३ला आणखी कडक कायदा झाला. यंत्र नाही म्हणावं तर तेही आहे. केरळच्या पोरांनी गटारात उतरणारा रोबो केला, २०१८ला तिरुवनंतपुरममध्ये तो कामाला लागला. मग अडलं कुठं?

अडलं ते हिशोबात. जहाज धक्क्याला उभं राहिलं की मालकाचं रोजचं भाडं जळतं, म्हणून तिथं कोट्यवधींची क्रेन येते. गटार तुंबलं तर कुणाचं भाडं जळतं? आणि उतरणारा ठरलेल्या जातीचा, त्याच्या जिवाला बाजारात भाव नाही. जिथं माणूस स्वस्त, तिथं यंत्र महाग वाटतं. जातीनं आमचं शरीर एवढं स्वस्त करून ठेवलंय, की यंत्राला आमच्याशी स्पर्धा करायला परवडत नाही. जिथं यंत्रानं आमचा जीव वाचला असता तिथं ते येत नाही, आणि जिथं आम्ही नुकते कुठं कार्ड मिळवून माणसात आलो होतो तिथं ते धावत येतं. हा योगायोग समजणाऱ्यानं खुशाल समजावा.

आता वाहतूक. मी शिवडीत राहतो. आमच्या डोक्यावरून अटल सेतू निघतो. २१.८ किलोमीटर, त्यातला १६.५ किलोमीटर समुद्रावर. १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालं. मोटारीला एका वेळचा टोल २५० रुपये. दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. शिवनेरीसारख्या बसगाड्या मागाहून सुरू झाल्या. खाडीतल्या फ्लेमिंगोंना त्रास नको म्हणून शिवडीच्या बाजूला पुलाला आवाज अडवणारे पडदे लावलेत. पाखरांशी आमचं वैर नाही, उलट त्यांचं अभिनंदन. ती तरी आराखड्यात आली. मसूरच्या वाटेवरच्या नाकेदाराला निदान तोंड उघडून ‘नाही’ म्हणावं लागलं होतं. आता फास्टॅग आहे, बोलायचं कामच नाही. पूल जात विचारत नाही, हे खरंच. तो विचारतो, चार चाकं आहेत का?

गंमत म्हणजे त्याच दिवशी, त्याच समारंभात, उरणची लोकलही सुरू झाली. तिचं नाव कुणी घेत नाही. टीव्हीवर पूल दिसतो, ड्रोननं काढलेला, मावळतीचा. आम्ही गोदामातले हमाल, उरणच्या मासळीवाल्या, कॉलेजची पोरं त्या लोकलनं दहा-वीस रुपयांत जातो. गाड्या मोजक्या, एक चुकली की अर्धा रोज बुडाला. नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच. यातला कुठला प्रकल्प जास्त माणसांना कामाला नेतो, हे विचारायला इंजिनियर व्हायला लागत नाही.

लोकलचंच बघा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात २५९० माणसं मेली. दिवसाला सात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, तेव्हा गदारोळ झाला. आपोआप बंद होणारं दार तर मुंबईत २५ डिसेंबर २०१७लाच आलं होतं. पण ते एसी लोकलला. जीव वाचवणारं दार थंड हवेच्या पुडक्यात बांधून चढ्या भावानं विकलं. विद्वान म्हणतील, एसीशिवाय दार बंद केलं तर माणसं गुदमरतील, तांत्रिक अडचण आहे. कलकत्त्याची मेट्रो १९८४ला सुरू झाली. तिचे पहिले डबे बिगर-एसी होते आणि दारं आपोआप बंद होणारी होती. हवा खेळती ठेवायची सोय त्यांनी केली. मुंब्र्यानंतर आपल्याकडेही बिगर-एसी गाडीला तशी दारं लावायचं जाहीर झालं. म्हणजे तंत्र होतं, ते आमच्यासाठी वापरायचं कुणाच्या मनात नव्हतं.

माझा आतेभाऊ जेवणाचे डबे पोचवतो, ॲपवरून. परळच्या टॉवरमध्ये दोन लिफ्ट. एक चकचकीत, एक मालाची. कुत्रा चकचकीत लिफ्टनं जातो, आतेभाऊ मालाच्या. वॉचमन आपल्याच आळीतला, त्याची मान खाली. विजेवर चालणारी लिफ्ट, तिला काय कळतंय? बटणाशेजारी पाटी कुणी लावली?

शिक्षणाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर या पानांत पुष्कळ येऊन गेलंय. २०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेल्या. सरकारच्याच २०१७-१८च्या पाहणीप्रमाणे देशात १०० घरांमागे जेमतेम ११ घरांत संगणक आणि २४ घरांत इंटरनेट होता. हे आकडे सरकारच्या टेबलावर होते, तरी शाळा मोबाईलवरच गेल्या. आमच्या चाळीत एक फोन आणि तीन पोरं, बाप फोन घेऊन कामाला गेला की तिघांची शाळा बंद. धाकटी त्यात जी सुटली ती सुटलीच. आता शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर. आधारवर नाव एक, दाखल्यावर काना जास्त, अर्ज परत. सायबर कॅफेवाल्याला पन्नास, पुन्हा पन्नास. पूर्वी निदान कारकुनाच्या टेबलावर मूठ आपटता यायची. सर्व्हर डाऊन आहे म्हटल्यावर मूठ कुठं आपटायची?

तरीही मी म्हणतो, यंत्राला पाठ दाखवू नका. २०२५ साली केरळच्या विळिंजम बंदरात स्वयंचलित क्रेन चालवायला तिथल्याच मुली घेतल्या, त्यात कोळ्यांच्या घरच्याही. खोलीत पडद्यापुढं बसून त्या अजस्र क्रेनी हलवतात. कंपनी काही समतावादी झालेली नाही, तिला बंदर उभारायला गावात शांतता पाहिजे होती. पण एक गोष्ट सिद्ध झाली. ज्यांच्या आया टोपली घेऊन बाजारात बसल्या त्यांच्या हातात किल्ली दिली तर क्रेन काही अपवित्र होऊन बंद पडत नाही.

इथं उरणच्या बाजूला क्रेन शिकवणाऱ्या खासगी संस्था आहेत. एकीत मी चौकशीला गेलो. फी माझ्या चार महिन्यांच्या मजुरीएवढी, वर अनुभवाचा दाखला मागतात. अनुभव? सहा वर्षं क्रेनच्या खाली उभा राहून हाताच्या खुणांनी मी ड्रायव्हरला सांगतोय, डावीकडं घे, थांब, सोड. वारा कुठून आहे, स्लिंग कुठं घसरेल, हे त्याच्या आधी मला कळतं. तो अनुभव कुठल्याच कागदावर येत नाही. चाळीसगावचा टांगा आठवा. ज्याला लगामाजवळ कधी फिरकू दिलं नाही, त्याच्या हातात ऐन वेळी लगाम देऊन वर त्यालाच अडाणी म्हणायचं, हा खेळ जुना आहे.

म्हणून आमच्या गेटवरच्या पोरांनी मिळून एक अर्ज तयार केलाय. मागण्या तीन. धक्क्यावर कुठलंही नवं यंत्र आलं की पहिली भरती त्याच धक्क्यावरच्या कंत्राटी मजुरांतून करा. शिकवायचा खर्च यंत्र आणणाऱ्यानं करावा, आणि शिकायच्या दिवसांचा रोज बुडू नये. खाली राबलेली वर्षं अनुभव म्हणून धरा. बेचाळीस सह्या झाल्यात. अकरा अंगठे आहेत, तेही धरले. मुकादमाला अजून पत्ता नाही. शिवडी, दारूखाना, रे रोडच्या बाजूला जे कुणी धक्क्यावर नाहीतर गोदामात आहेत त्यांनी रविवारी दुपारी चारच्या पाळीनंतर आमच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर यावं. येताना दहावीचं प्रमाणपत्र असेल तर आणा. नसेल तर तसेच या.